थंडीतले दीर्घायुष्य आणि मेदाम्ले: एका शोधनिबंधाचे चिकित्सक वाचन



पेशीजीवशास्त्राच्या पुस्तकात एखादा जैविक मार्ग बाणांनी जोडून दाखवलेला असतो. ‘अ’पासून ‘ब’, ‘ब’पासून ‘क’. परीक्षेत आपण तो तसाच काढतो आणि गुण मिळवतो. पण प्रत्येक बाणामागे कोणीतरी केलेले प्रयोग असतात आणि सगळे बाण सारखेच भक्कम नसतात. या पाठात आपण असाच एक मार्ग घेणार आहोत आणि त्याचा एकेक बाण तपासणार आहोत. मार्ग पाठ करण्याऐवजी त्यावर किती विश्वास ठेवायचा हे ठरवता यावे, हा या पाठाचा उद्देश आहे.

निवडलेला शोधनिबंध २०१९ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चीनमधील कुनमिंग येथील युनान विद्यापीठाच्या गटाचे हे काम आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा सूत्रकृमी कमी तापमानात जास्त दिवस जगतो. तापमान घटल्याची जाणीव पीएक्यूआर-२ या प्रथिनामार्फत होते. त्यामुळे गॅमा-लिनोलेनिक आम्ल आणि ॲराकिडोनिक आम्ल या दोन ओमेगा-६ मेदाम्लांची निर्मिती वाढते. ही मेदाम्ले कृमीच्या बाह्यत्वचेत स्वभक्षण सुरू करतात. स्वभक्षणामुळे वयानुसार होणारी कोलॅजेनची घट मंदावते आणि आयुष्य वाढते.

एकूण पाच बाण झाले. थंडीपासून पीएक्यूआर-२, तिथून मेदाम्ले, मेदाम्लांपासून स्वभक्षण, स्वभक्षणापासून कोलॅजेन, आणि कोलॅजेनपासून आयुर्मान. आता आवश्यक तेवढी पार्श्वभूमी पाहू.

१. पार्श्वभूमी: कृमी, तापमान आणि आयुष्य

सिडनी ब्रेनर यांनी १९७४ साली ज्याच्या जनुकशास्त्राचा पाया घातला तो हा कृमी सुमारे १ मिलिमीटर लांब आणि पारदर्शक असतो. प्रौढ उभयलिंगी कृमीच्या शरीरात ९५९ कायिक पेशी असतात, त्यांपैकी ३०२ चेतापेशी. प्रयोगशाळेत त्याला ई. कोलाय जीवाणूंच्या थरावर २० अंश सेल्सिअसला वाढवतात. तिथे तो दोन ते तीन आठवडे जगतो. म्हणजे जन्मापासून मरणापर्यंतचा प्रयोग एका सत्रात बसतो. वार्धक्याच्या अभ्यासात तो लोकप्रिय आहे त्याचे हे मोठे कारण.

इथे ‘थंडी’ हा शब्द नीट समजून घ्या. या अभ्यासांत थंडी म्हणजे बर्फ नव्हे. साधारण १५ अंश सेल्सिअस एवढेच. २५ अंश हे या कृमीसाठी उष्ण तापमान आहे आणि त्याहून दोन-तीन अंश वर गेले की त्याची प्रजननक्षमता संपते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पंख्याखाली ठेवलेली कृमींची बशी म्हणूनच वाया जाते.

१९७७ साली मायकेल क्लास यांनी दाखवले की १६ अंशांवर हे कृमी सरासरी सुमारे २३ दिवस जगतात, तर २५.५ अंशांवर सुमारे ९ दिवस. त्याचे स्पष्टीकरण सोपे वाटत होते. रासायनिक अभिक्रिया थंडीत मंदावतात, तर झीजही मंदावणार. रेमंड पर्ल यांनी १९२८ साली ‘जगण्याच्या वेगा’ची जी कल्पना मांडली होती, तिच्याशी हे जुळत होते.

या समजुतीला दोन अभ्यासांनी धक्का दिला. २००९ साली ली आणि केनियन यांनी दाखवले की तापमान ओळखणाऱ्या एएफडी या चेतापेशी नष्ट केल्या तर उष्ण तापमानातले आयुष्य आणखी घटते. २०१३ साली मिशिगन विद्यापीठाच्या गटाने दाखवले की टीआरपीए-१ ही थंडी ओळखणारी आयनवाहिनी काढली तर थंडीत मिळणारा आयुष्याचा लाभ कमी होतो, आणि २५ अंशांवर मात्र ती काढल्याने फरक पडत नाही. म्हणजे थंडीतले दीर्घायुष्य केवळ अभिक्रियांच्या मंद गतीचा परिणाम नाही. शरीर थंडीला जनुकांच्या साहाय्याने प्रतिसाद देते आणि त्या प्रतिसादाचाही त्यात वाटा असतो. आपला २०१९ चा निबंध याच वाटेवरचा पुढचा टप्पा आहे.

२. पहिला बाण: थंडी की पटलाचा ताठरपणा?

हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत गोठते, तूप घट्ट होते, पण करडईचे तेल पातळच राहते. संपृक्त मेदाम्लांच्या सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात. असंपृक्त मेदाम्लांच्या साखळीत दुहेरी बंधापाशी वाक असतो, त्यामुळे त्या दाटीने रचल्या जात नाहीत. पेशीपटलालाही हाच नियम लागू आहे. थंडीत ते ताठर होऊ लागते आणि पेशी त्यात असंपृक्त मेदाम्ले वाढवून त्याची प्रवाहिता टिकवते. मायकेल सिनेन्स्की यांनी १९७४ साली ई. कोलायमध्ये हे दाखवले.

पीएक्यूआर-२ हे प्रथिन पटलात बसलेले असते. माणसातील ॲडिपोनेक्टिन ग्राहकांचा, विशेषतः ॲडिपोआर२ चा, तो कृमीतील नातेवाईक आहे. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील गटाने २०१३ साली दाखवले की हे प्रथिन नसलेले कृमी २० अंशांवर बरे वाढतात, पण १५ अंशांवर त्यांची वाढ खुंटते. फॅट-७ या विकराची क्रिया वाढवून असंपृक्त मेदाम्ले वाढवली की हा दोष भरून निघतो. त्याच गटाच्या पुढच्या कामात असे दिसले की याच कृमींना भरपूर ग्लुकोज दिले तरी ते अडचणीत येतात, कारण ग्लुकोजपासून संपृक्त मेदाम्ले तयार होतात आणि पटल ताठर होते.

यावरून पहिली शंका निघते. ज्या प्रथिनावाचून थंडी आणि ग्लुकोज हे दोन्ही सोसत नाहीत, ते खरोखर ‘थंडी’ ओळखते का? की ते पटलाचा ताठरपणा ओळखते आणि थंडी हे त्या ताठरपणाचे फक्त एक कारण आहे? दुसरा अर्थ जास्त पटतो. मग ‘पीएक्यूआर-२ कमी तापमान ओळखते’ हे विधान सैल ठरते. टीआरपीए-१ साठी ‘थंडीचा संवेदक’ हा शब्द जितका योग्य, तितका तो इथे नाही. हा शब्दच्छल नाही. पीएक्यूआर-२ ताठरपणा ओळखत असेल, तर थंडी न देता पटल ताठर केल्यानेही हाच मार्ग जागा व्हायला हवा आणि मग ही कथा तापमानाची न राहता पटलाची होईल.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. १५ अंशांवर ज्या उत्परिवर्तित कृमीची वाढच नीट होत नाही, तो त्या तापमानात लवकर मेला तर त्यातून काय सिद्ध होते? एक शक्यता अशी की दीर्घायुष्याचा विशिष्ट मार्ग तुटला. दुसरी अशी की कृमी फक्त आजारी पडला. आजारी प्राणी लवकर मरतो, यात दीर्घायुष्याची यंत्रणा आणण्याचे कारण नाही. या प्रकारच्या कोणत्याही निबंधात तुम्ही पहिल्यांदा हे पाहा: बदल प्रौढावस्थेत, वाढ पूर्ण झाल्यावर केला आहे का? आणि कृमीच्या हालचाली, अंडी घालणे, अन्न घेणे यांची नोंद आयुर्मानाच्या आलेखाशेजारी दिली आहे का?

३. दुसरा आणि तिसरा बाण: नेमके कोणते मेदाम्ल?

आपल्या शरीराला लिनोलेइक आम्ल आहारातून घ्यावे लागते. या कृमीला ते लागत नाही, कारण त्याच्याकडे ते बनवणारे फॅट-२ हे विकर आहे. जेनिफर वॉट्स आणि जॉन ब्राउझ यांच्या कामातून ही सारी साखळी उलगडली. ती अशी: स्टिअरिक आम्लापासून फॅट-६ आणि फॅट-७ ओलेइक आम्ल बनवतात. त्यापासून फॅट-२ लिनोलेइक आम्ल बनवते. त्यापासून फॅट-३ गॅमा-लिनोलेनिक आम्ल बनवते. ईएलओ-१ त्याची साखळी लांबवून डायहोमो-गॅमा-लिनोलेनिक आम्ल करते. त्यापासून फॅट-४ ॲराकिडोनिक आम्ल बनवते. फॅट-१ हे विकर ओमेगा-६ मेदाम्लांना ओमेगा-३ मध्ये बदलते, त्यातून पाच दुहेरी बंधांचे आयकोसापेंटाइनोइक आम्ल तयार होते.

ही साखळी वहीत काढा आणि मग विचार करा. फॅट-३ काढले की गॅमा-लिनोलेनिक आम्ल जाते. पण त्याबरोबर साखळीतले पुढचेही सगळे जातात: डायहोमो-गॅमा, ॲराकिडोनिक, आयकोसापेंटाइनोइक. फॅट-३ नसलेले कृमी हळू वाढतात, कमी पिल्ले देतात आणि मंद हालतात. म्हणून अशा कृमीत थंडीचा लाभ दिसला नाही, तर दोष कोणत्या आम्लाच्या अभावाचा हे त्या एका प्रयोगातून सांगता येत नाही.

मग बाहेरून आम्ल देऊन पाहावे. तिथेही खाचखळगे आहेत. तुम्ही गॅमा-लिनोलेनिक आम्ल दिले, तर कृमी त्याचे ॲराकिडोनिक आम्ल करू शकतो. ॲराकिडोनिक दिले, तर फॅट-१ त्याचे ओमेगा-३ करू शकते. काम नेमके गॅमा-लिनोलेनिक आम्लाचेच आहे हे सिद्ध करायचे, तर ते ईएलओ-१ किंवा फॅट-४ नसलेल्या कृमीला द्यायला हवे. ॲराकिडोनिकचेच हे सिद्ध करायचे, तर ते फॅट-१ नसलेल्या कृमीला. या कसोटीवर उतरेपर्यंत ‘दोन मेदाम्ले’ हे विधान ‘या शाखेतील मेदाम्ले’ असे वाचणे सुरक्षित.

तरीही या बाणाला एक स्वतंत्र आधार आहे आणि तो मजबूत आहे. २०१३ साली ओ’रुर्क, रुव्हकुन आणि सहकाऱ्यांनी ‘जीन्स अँड डेव्हलपमेंट’मध्ये दाखवले की उपाशी कृमींमध्ये एक लायपेज विकर वाढते आणि त्यातून ओमेगा-६ मेदाम्ले साठतात. भरपेट खाणाऱ्या कृमींना हीच मेदाम्ले दिली, तर स्वभक्षण वाढते आणि आयुष्यही वाढते. स्वभक्षणाची जनुके निष्क्रिय केली की हा लाभ जातो. माणसाच्या उपकला पेशींमध्येही या मेदाम्लांनी स्वभक्षण वाढले. इथे काही काढून टाकलेले नाही, भर घातली आहे. भर घालून आयुष्य वाढवणे हा पुरावा काढून टाकून आयुष्य घटवण्यापेक्षा वजनदार असतो, कारण प्राण्याला आजारी पाडणारे मार्ग शेकडो असतात, पण निरोगी प्राण्याचे आयुष्य वाढवणारे मार्ग फार थोडे.

पण याच आधारातून एक नवा प्रश्न निघतो. उपासात ओमेगा-६ वाढतात, थंडीतही वाढतात. थंडीत कृमीच्या घशाचे आकुंचन मंदावते, म्हणजे तो अन्न कमी ओढतो. मग थंडीतली मेदाम्ले थंडीमुळे वाढली की अर्धपोटी राहिल्यामुळे? शिवाय कृमीचे अन्न असलेले ई. कोलाय जीवाणू स्वतःच थंडीत आपल्या पटलातली असंपृक्त मेदाम्ले वाढवतात. या जीवाणूंत बहुअसंपृक्त मेदाम्ले नसतात, त्यामुळे ॲराकिडोनिक आम्ल थेट अन्नातून आले असे म्हणता येणार नाही. पण १५ अंशांच्या बशीतला कृमी आणि २५ अंशांच्या बशीतला कृमी एकच अन्न खात नाहीत, हे ध्यानात ठेवायला हवे. सगळे जीवाणू एकाच तापमानाला वाढवून, मारून, मग दोन्ही बश्यांत दिले, तर ही शंका बरीचशी दूर होते.

आणखी एक सावधगिरी. २०२० साली वॉट्स यांच्या गटाने दाखवले की डायहोमो-गॅमा-लिनोलेनिक आम्ल आहारातून दिले, तर कृमीच्या जननपेशी फेरोप्टोसिस या प्रकाराने मरतात आणि कृमी वांझ होतो. हे आम्ल आपल्या साखळीत गॅमा-लिनोलेनिक आणि ॲराकिडोनिक यांच्या मधोमध बसते, आणि २०१३ च्या कामातील आयुष्य वाढवणाऱ्या आम्लांपैकीही ते एक होते. जननपेशी नष्ट केल्यास हा कृमी जास्त जगतो, हे १९९९ पासून माहीत आहे. म्हणजे मेदाम्ल देऊन वाढलेल्या आयुष्याचा काही भाग स्वभक्षणाऐवजी जननपेशींच्या हानीतून आला असेल का, हा प्रश्न विचारणे भाग आहे. याचे उत्तर मात्रेवर अवलंबून राहील. म्हणून मेदाम्लाचे नाव वाचताना मात्राही वाचा.

४. स्वभक्षण मोजायचे कसे?

स्वभक्षण म्हणजे पेशीची स्वतःची पुनर्वापर व्यवस्था. जुनी प्रथिने आणि नादुरुस्त अंगके दुहेरी पटलाच्या पिशवीत बंद होतात, ती पिशवी लयकारिकेला मिळते आणि आतला माल तोडून पुन्हा वापरला जातो. ख्रिश्चन द दुव यांनी १९६३ साली या क्रियेला ऑटोफॅजी हे नाव दिले. योशिनोरी ओसुमी यांनी किण्वावर काम करून तिची जनुके शोधली, त्यासाठी त्यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कृमीत दीर्घायुष्यासाठी स्वभक्षण लागते हे २००३ साली बीईसी-१ या जनुकावरच्या कामातून पुढे आले.

कृमीत स्वभक्षण पाहण्याची नेहमीची पद्धत अशी: एलजीजी-१ हे प्रथिन या पिशव्यांवर बसते. त्याला हरित प्रकाशी प्रथिन जोडतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे ठिपके मोजतात. जितके ठिपके तितक्या पिशव्या. पण ठिपके जास्त म्हणजे स्वभक्षण जास्त, असे नेहमीच नसते.

एक उदाहरण घ्या. तुमच्या गल्लीत एके दिवशी दोनऐवजी आठ घंटागाड्या उभ्या दिसल्या. कदाचित नगरपालिकेने सफाई वाढवली असेल. कदाचित कचरा डेपोचे फाटक बंद असल्यामुळे भरलेल्या गाड्या रस्त्यावरच अडकल्या असतील. उभ्या गाड्या मोजून यातले कोणते खरे हे सांगता येत नाही. त्यासाठी डेपोत दिवसाला किती कचरा रिकामा झाला ते मोजावे लागते. यालाच स्वभक्षणाचा प्रवाह मोजणे म्हणतात. लयकारिकेचे काम बॅफिलोमायसिनसारख्या द्रव्याने थांबवायचे आणि मग ठिपके आणखी वाढतात का ते पाहायचे. वाढले, तर प्रवाह चालू होता. वाढले नाहीत, तर तो आधीच अडला होता. २०१७ साली मालिन हॅन्सन यांच्या गटाने याच पद्धतीने दाखवले की वयाबरोबर कृमीत ठिपके वाढतात ते प्रवाह मंदावल्यामुळे.

थंडीच्या प्रयोगात ही शंका दुप्पट होते. लयकारिकेतली विकरेही थंडीत मंदावतात. १५ अंशांवर पिशव्या तितक्याच तयार झाल्या आणि रिकाम्या व्हायला जास्त वेळ लागला, तरी ठिपके वाढलेलेच दिसतील. म्हणून कमी तापमानात स्वभक्षण वाढते या दाव्यासाठी त्याच तापमानात मोजलेला प्रवाह हाच खरा पुरावा. ठिपक्यांचे छायाचित्र कितीही सुंदर असले तरी ते त्याची जागा घेऊ शकत नाही.

शिवाय स्वभक्षण म्हणजे सदैव हितकारक असेही नाही. २०१७ साली ‘जीन्स अँड डेव्हलपमेंट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात, प्रजननकाळ संपल्यावर बीईसी-१ दाबले तर कृमीचे आयुष्य उलट वाढले, आणि हा परिणाम मुख्यतः चेतापेशींतून येत होता. त्यामुळे कोणत्या ऊतीत आणि कोणत्या वयात, हे दोन प्रश्न वगळून स्वभक्षणाबद्दल काहीही बोलता येत नाही. या बाबतीत आपल्या निबंधाचे श्रेय मान्य करायला हवे. त्याने स्वभक्षण बाह्यत्वचेत होते असे नेमके ठिकाण सांगितले आहे. नेमके ठिकाण सांगणारा दावा तपासता येतो आणि चूक असेल तर खोडता येतो.

५. चौथा आणि पाचवा बाण: कोलॅजेन

कृमीची बाह्यत्वचा कोलॅजेन स्रवते आणि त्यापासून त्याचे बाहेरचे कवच बनते. वयानुसार कोलॅजेनची निर्मिती घटते. २०१५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एवाल्ड आणि सहकाऱ्यांच्या कामात असे दिसले की दीर्घायुषी कृमींत कोलॅजेनची जनुके जास्त काळ क्रियाशील राहतात, आणि काही कोलॅजेन वाढवल्यास आयुष्यही वाढते. म्हणून पाचव्या बाणाला बाहेरून आधार आहे.

चौथा बाण मात्र विचारात पाडतो. स्वभक्षण ही तोडण्याची क्रिया आहे. तोडण्याच्या क्रियेने कोलॅजेन टिकते कसे? असे उत्तर देता येईल की जुना माल तोडून मिळालेली अमिनो आम्ले नव्या कोलॅजेनला लागतात, किंवा निरोगी राहिलेली बाह्यत्वचा जास्त काळ कोलॅजेन बनवत राहते. दुसऱ्या उत्तरात कोलॅजेन आयुष्याचे कारण राहत नाही. ते त्वचा तरुण असल्याची फक्त खूण ठरते. केस पिकणे हे म्हातारपणाचे लक्षण आहे, पण केस रंगवल्याने कोणी जास्त जगत नाही. कारण आणि खूण यांतला फरक ओळखायचा, तर थंडीत स्वभक्षण चालू ठेवून फक्त कोलॅजेन घटवायला हवे, आणि उलट स्वभक्षण बंद ठेवून फक्त कोलॅजेन वाढवायला हवे.

६. एकाच कुलपाला किती किल्ल्या?

आता एक पाऊल मागे घेऊन सगळे क्षेत्र पाहू. टीआरपीए-१ काढले की थंडीचा लाभ घटतो. पीएक्यूआर-२ काढले की घटतो. जर्मनीतील कोलोन येथील गटाने २०१९ साली दाखवले की थंडीत टिकून राहिलेल्या जनन मूलपेशी प्रोस्टाग्लँडिन ई२ सोडतात, त्यामुळे आतड्यात हायड्रोजन सल्फाइड वाढतो, आणि या मूलपेशी नसल्या तर थंडीचा लाभ घटतो. त्याच गटाने २०२३ साली दाखवले की थंडीत पीए२८-गॅमा या प्रथिनामुळे प्रोटिआसोम जास्त क्रियाशील होतात आणि तेही या लाभाला आवश्यक आहे.

प्रत्येक निबंध आपापला मार्ग ‘आवश्यक’ असल्याचे सांगतो. हे सगळे खरे असू शकते, पण मग हे मार्ग एकमेकांना कुठे मिळतात हे सांगायला हवे. उदाहरणार्थ, सस्तन प्राण्यांत ॲराकिडोनिक आम्लापासूनच प्रोस्टाग्लँडिन बनतात. मग थंडीत वाढलेले ॲराकिडोनिक आम्ल स्वभक्षणाकडे जाते की प्रोस्टाग्लँडिनच्या वाटेने? दोन्ही निबंध एकाच वर्षीचे आहेत आणि त्यांना जोडणारा प्रयोग हाताच्या अंतरावर आहे.

याला आणखी एक बाजू आहे. २०१६ साली हार्वर्डच्या स्ट्रूस्ट्रप आणि सहकाऱ्यांनी हजारो कृमींचे आयुष्य यंत्राने नोंदवले. वेगवेगळ्या तापमानांतले आणि अनेक जनुकीय बदलांतले मृत्यूचे आलेख फक्त काळाचा अक्ष ताणला की जवळपास एकमेकांवर बसतात, असे त्यांना आढळले. रबराच्या पट्टीवर चित्र काढून ती ताणावी तसे. म्हणजे इतक्या वेगळ्या हस्तक्षेपांचा परिणाम शेवटी एकाच स्वरूपात दिसतो. हे खरे असेल, तर फक्त आयुर्मानाचा आलेख पाहून थंडीने कोणता मार्ग वापरला हे ओळखणे कठीण आहे. पर्ल यांची जुनी कल्पना जशीच्या तशी परत येत नाही, पण ती पूर्ण मेलेली नाही हे मान्य करावे लागते.

७. माणसापर्यंत पोहोचताना

हा मार्ग विविध प्राण्यांत टिकून राहिलेला असू शकतो, अशी सूचना निबंधाच्या शेवटी आहे. त्याला काही आधार आहे. २००६ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या कामात उंदरांचे शरीराचे तापमान जनुकीय बदलाने सुमारे ०.३ ते ०.५ अंशांनी कमी केले होते, आणि त्यांचे मध्यक आयुष्य नरांत सुमारे १२ टक्के व माद्यांत सुमारे २० टक्के वाढले. माणसाच्या पेशींत ॲडिपोआर२ पटलाची प्रवाहिता राखते हेही दिसले आहे.

पण या दोन टोकांमध्ये आपला पाच बाणांचा मार्ग उभा नाही. उंदरांत ॲराकिडोनिक आम्ल आणि बाह्यत्वचेतले स्वभक्षण यांमुळे आयुष्य वाढले, असे त्या कामात म्हटलेले नाही. माणूस आपले तापमान ३७ अंशांच्या आसपास राखतो. गार पाण्याने अंघोळ केल्याने शरीराच्या आतले तापमान १५ अंशांच्या बशीतल्या कृमीसारखे होत नाही. आणि आपण लिनोलेइक आम्ल स्वयंपाकाच्या तेलातून भरपूर घेतो, तर कृमी ते स्वतः बनवतो. ‘ओमेगा-६ ने आयुष्य वाढते’ असे एखाद्या जाहिरातीत वाचले, तर त्यात कोणता प्राणी, कोणते आम्ल, किती मात्रा आणि कोणते तापमान, हे चार प्रश्न विचारा. चारपैकी एकाचेही उत्तर नसेल, तर त्या वाक्याला विज्ञानाचा आधार नाही.

८. निष्कर्ष

मग या निबंधाचे मोल काय? माझे मत असे. तिसरा बाण, म्हणजे ओमेगा-६ मेदाम्लांनी स्वभक्षण आणि आयुष्य वाढते, हा सर्वांत भक्कम आहे, कारण त्याला उपासावरच्या स्वतंत्र कामाचा आधार आहे. दुसरा बाणही चांगला आहे, फक्त ‘दोन मेदाम्ले’ ही मर्यादा सैल धरावी. पहिल्या बाणात ‘थंडी’ऐवजी ‘पटलाचा ताठरपणा’ वाचावे. चौथा बाण सर्वांत कच्चा आहे. आणि पाचही बाण मिळून थंडीतल्या दीर्घायुष्याचा एक भाग सांगतात, संपूर्ण कारण नव्हे.

या टीकेने निबंध लहान होत नाही. पटलाचे भौतिकशास्त्र, मेदाम्लांचे रसायन आणि पेशीतील पुनर्वापर हे तीन विषय तुम्ही तीन वेगळ्या पेपरांत शिकता. या गटाने ते एका मिलिमीटरच्या प्राण्यात एकत्र आणले आणि तपासता येतील असे दावे केले. तपासता येणाऱ्या दाव्याला तपासून पाहणे हाच त्याचा योग्य सन्मान आहे. पुढच्या वेळी उत्तरपत्रिकेत बाण काढाल, तेव्हा प्रत्येक बाणावर मनातल्या मनात एक प्रयोग लिहून पाहा. जिथे प्रयोग सुचणार नाही, तिथे तुमच्या अभ्यासाची खरी सुरुवात आहे.

स्वाध्याय

१. गॅमा-लिनोलेनिक आम्ल स्वतः काम करते की त्याचे ॲराकिडोनिक आम्ल झाल्यावर, हे ठरवण्यासाठी प्रयोगाची आखणी करा. कोणते उत्परिवर्तित कृमी घ्याल?

२. १५ अंशांवर एलजीजी-१ चे ठिपके वाढले. याची दोन वेगळी स्पष्टीकरणे लिहा आणि त्यांत निवड करणारी चाचणी सुचवा.

३. थंडी आणि उपासमार यांचे परिणाम वेगळे करण्यासाठी कृमीला अन्न कसे द्याल?

४. एखादे जनुक काढल्याने आयुष्य घटणे आणि त्याची क्रिया वाढवल्याने आयुष्य वाढणे, यांतील कोणता पुरावा अधिक वजनदार आहे? पाठातील उदाहरणे देऊन १५० शब्दांत लिहा.